जुन्या शेवरीचं दार

आनंदराज गजभारे सर फिजिक्स शिकवत, आणि लातुरात त्यांचं नाव झालं होतं ते सांगण्याच्या हातोटीवर. एखादा नियम ते आधी सांगत, मग तो आपण का सांगितला ते सांगत, आणि कुणाचं राहून गेलं असेल म्हणून पुन्हा एकवार सोपा करून सांगत. भूकंपाला दहा वर्षं होत आली होती. ज्या गावात तेव्हा तंबूंचे ट्रक उतरले, त्याच गावात आता एस.टी.तून पोरं उतरत होती. हदगावची, नायगावची, पार कुठली कुठली, एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात गादीची वळकटी. घरोघर वरचा मजला चढवून खोल्या काढल्या होत्या. सर स्वतः बिलोलीचे, पण इथल्या पोरांनी त्यांना लातूरचंच करून टाकलं होतं.

सर गोष्टीही लिहीत. त्या मात्र कुणी छापत नसे.

त्यांची बायको रेणुका सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. तिनं एक दिवस त्यांची भूकंपावरची गोष्ट वाचली, कागद सारखे करून खाली ठेवले आणि म्हणाली, "राग येऊ देऊ नका. पण तुम्ही गोष्टीतही क्लासच घेता."

"म्हणजे?"

"बाई दुःखी होती, असं तुम्ही मला सांगता. मग ती किती दुःखी होती ते सांगता. मला ती बाई दिसतच नाही. वॉर्डात पेशंट म्हणतो पोटात दुखतंय, आणि हात धरलेला असतो छातीवर. आम्ही हाताकडं बघतो. तोंड काय, काहीही बोलतं."

सरांना ते लागलं. चार दिवस ताटावर बसले की घास हातातच राहायचा.

क्लासच्या खालीच यासेरचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. यासेर उंचापुरा, हसरा गडी. लग्नसराईत त्याला पाणी प्यायला फुरसत नसे. एका संध्याकाळी बॅच सुटल्यावर सर त्याच्याकडे चहाला टेकले. टीव्हीवर कुठल्याशा लग्नाची कॅसेट चालू होती, आवाज बंद करून. यासेर म्हणाला, "आवाज कायको सर? मी सगळा आवाज पुसतो अन् गाणी टाकतो. मंडपातली कचकच कोण ऐकणार?"

सर बघत राहिले. नवरीचा बाप हसत होता, पण घडोघडी खिशावर हात नेऊन चाचपत होता. दोघी जावा एकाच ताटात जेवत होत्या आणि एकमेकींच्या घासाला हात लागणार नाही इतक्या जपून. आणि एक तरुण मुलगी, गर्दी झाली की एक पाऊल मागं सरायची आणि ओढणीखालून पोटावर हात धरायची.

"ही पोटुशी आहे," सर म्हणाले. "आणि घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही."

यासेरचा चहा बशीत सांडला. "तुम्हाला कोण बोललं? ही मनतशा, माझी साली. आम्हालाच परवा कळलं सर!"

त्या रात्री सरांना रेणुकाचं बोलणं खऱ्या अर्थानं कळलं. आवाज गेला की माणसं दिसू लागतात. नांदेडच्या एका फिल्म क्लबानं मूकपटांची स्पर्धा ठेवली होती; संवाद नको, गाणं नको, पडद्यावर अक्षरसुद्धा नको. सरांनी यासेरला गळ घातली. यासेर म्हणाला, "दुःखी सनई तरी टाकू सर. नुसतं मुकं कोण बघणार?" सर म्हणाले, "आपण बघू."

विषय त्यांच्या मनात एकच होता.

क्लासच्या पोरांना जेवणाचे डबे देणारा ज्ञानोबा मूळचा शेवरीचा. भूकंपाच्या वेळी तो हैदराबादला कामावर होता म्हणून वाचला. त्याची चुलती धुरपताबाई मात्र गावातच होती आणि ढिगाऱ्यातून जिवंत निघाली होती. नवरा आणि दोन्ही लेकी गेल्या. आता ती नव्या शेवरीत, सरकारनं बांधून दिलेल्या घरात राहत होती आणि ज्ञानोबाची बायको तिचं बघत होती.

सर, रेणुका आणि यासेर जीप करून नव्या शेवरीला गेले. सरळ रेषेत मांडलेली घरं, रुंद रस्ते, कुठं एक झाड धड वाढलेलं नाही. धुरपताबाई ओसरीवर तुरी निवडत बसली होती. पन्नाशीच्या आतली बाई, पण अंगानं वाळलेली. यासेरनं कॅमेरा खांद्यावर घेतला मात्र, तिनं सूप बाजूला सारलं आणि पदर सावरून सुरुवात केली.

"गणपती बुडवून आलो. लेकरं दमली होती. जेवलो, निजलो. पहाटं पहाटं गडगड आवाज झाला, जशा काय रेल्वेच्या डब्यांवर डबे..."

ती बोलत होती आणि दारात उभ्या असलेल्या ज्ञानोबाचे ओठ तिच्या बरोबरीनं हलत होते. प्रत्येक शब्द त्याला पाठ होता. मधे मधे ती थांबायची. समोरच्याला लिहून घ्यायला वेळ मिळावा म्हणून थांबतात तशी. एका ठरलेल्या वाक्याला तिनं डोळ्याला पदर लावला, काढला आणि पुढं निघाली. तलाठ्याला, पेपरवाल्यांना, मुंबई-दिल्लीहून आलेल्या शिकलेल्या पोरापोरींना, सगळ्यांना तिनं हेच सांगितलं होतं. सांगून सांगून त्या रात्रीचा पार गुळगुळीत गोटा झाला होता.

हे सगळं आपल्या गोष्टींसारखंच आहे, असं सरांना वाटलं.

"मावशी," ते मधेच म्हणाले, "सांगू नका."

ती थबकली. दहा वर्षांत तिला असं कुणी म्हटलं नव्हतं.

"मग काय करू?"

"दाखवा. तुमचं घर दाखवा. त्या रात्रीचं नाही, कुठल्याही साध्या दिवसाचं. उठून काय करायच्या, कुठं बसायच्या. बोलायचं नाही. नुसतं करून दाखवायचं, जुन्या गावात, तुमच्या घराच्या जागेवर."

"तिथं काय बी न्हाई बाबा आता."

"नसू दे."

धुरपताबाईनं सुपातल्या तुरीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "कवा जायचं?"

ज्ञानोबाचा चेहरा उतरला. जीपपाशी तो सरांना बाजूला घेऊन म्हणाला, "सर, काकूनं दहा वर्षांत तिकडं पाऊल टाकलं न्हाई. आम्ही कुणीच जात न्हाई. ढोरं बी जात न्हाईत चरायला."

"आम्ही सोबत आहोत की."

"हाव. पण जितकी माणसं नेताल तितकीच आणा," ज्ञानोबा म्हणाला. यासेर हसला. ज्ञानोबा हसला नाही.

*

पुढच्या रविवारी भर दुपारी ते जुन्या शेवरीत पोचले. भोवताली हुरड्याला आलेली ज्वारी डुलत होती आणि मधेच ते गावठाण, बाभळी आणि घाणेरीनं माजलेलं. मलबा कधीच उचलला गेला होता. मातीचे उंचवटे, फुटकं जातं, रांजणाचा काठ, एवढंच उरलं होतं. होले घुमत होते. यासेरनं कॅमेरा सुरू केला आणि धुरपताबाई चालू लागली.

ती सरळ चालली नाही. मोकळ्या रानात ती डावीकडे वळली, थोडं जाऊन उजवीकडे वळली. तिथं वळायचं कारण दिसत नव्हतं. एका जागी तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, अंग चोरलं आणि कडेला थांबली. समोरून कुणी वडीलधारं माणूस येत असावं तशी खाली मान घालून थांबली, ते जाऊ दिलं आणि मग पुढं निघाली.

"सर," यासेर कुजबुजला, "मी पण थांबलो. कायकू थांबलो?"

एका उंचवट्यापाशी तिनं चपला काढल्या. दोन्ही तळव्यांनी तिनं समोर काहीतरी ढकललं. जड, खालून घासणारं. ते हलेना तेव्हा खांद्यानं रेटा दिला. मग मान वाकवून ती आत गेली. तिच्या मागोमाग कॅमेरा घेऊन यासेर निघाला आणि त्याच जागी त्यानंही मान वाकवली. वर निळंभोर आभाळ होतं. नंतर त्याला विचारलं तर म्हणाला, डोकं आपोआप खाली गेलं सर, लागलं असतं.

सर आणि रेणुका बाहेर बाभळीच्या सावलीत उभे होते.

धुरपताबाई घरात वावरू लागली. प्रत्येक वेळी ती एका ठरावीक जागेला वळसा घालून जायची, आणि जाताना हात टेकवायची. तिथं खांब असणार. एका कोपऱ्यात ती कमरेत वाकून खोल हात घालायची आणि ओंजळ भरून काढायची; ती कणगी. हळूहळू सरांना घर दिसायला लागलं. खांब कुठं, चूल कुठं, कोनाडा किती उंचावर, सगळं. त्यांच्या अंगावर काटा आला, पण तो आनंदाचा होता. हेच, ते मनात म्हणाले, हेच रेणुका सांगत होती.

तिनं चूल पेटवली. फुंकणीनं फुंकर घातली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ओसरीवर ठरल्या वाक्याला यायचं तसं ते पाणी नव्हतं. धुरानं येतं तसलं. ती खोकली. भाकरी थापली, तव्यावर टाकली, उलटताना चटकन हात मागं घेतला आणि बोट तोंडात धरलं.

रेणुकानं मान पुढं काढून बघितलं. "तिला भाजलं," ती म्हणाली.

"किती छान करतेय," सर म्हणाले.

"छान करत नाहीये. भाजलंय तिला."

धुरपताबाईनं ताटं वाढली. एकाला नुसतं बोटानं दटावलं, दुसऱ्याच्या तोंडाशी घास नेऊन मनधरणी केली. मग पदराचं टोक ओलं करून तिनं खाली बसून, लहान मुलाच्या उंचीवर, हवेत काहीतरी पुसायला घेतलं. पुसलं, झटकलं, पुन्हा पुसलं. भांगातून बोटं फिरवली. पदराच्या टोकाकडं बघून तोंड वाकडं केलं आणि हसली.

"काय पुसून राहिली ती?" यासेरनं तिथूनच विचारलं.

रेणुकाचा हात सरांच्या दंडावर आला. "गुलाल," ती म्हणाली.

सरांना उमगायला क्षणभर लागलं. त्यांनी तिला साधा दिवस दाखवायला सांगितलं होतं. ती गणपती बुडवून आलेली संध्याकाळ दाखवत होती.

"बंद करा," रेणुका म्हणाली.

"थोडं थांब. असं पुन्हा मिळायचं नाही."

"अहो, पुढं काय आहे ते सगळ्या जगाला माहीत आहे. बंद करा!"

पण सर थांबले नाहीत, आणि त्यांनी यासेरलाही थांबवलं नाही. नंतर त्यांना कितीदा तरी वाटलं की त्या क्षणी आपल्याला ती बाई दिसतच नव्हती, नुसतं चित्र दिसत होतं. आतून धुरपताबाईनं दार लावून घेतलं. दोन्ही हातांनी कडी चढवली. यासेर कसाबसा अंग चोरून आधीच बाहेर आला होता. त्यानं कॅमेरा तिकाटण्यावर ठेवला होता. ती आडवी झाली. एक हात लांब पसरला, कुणाचं तरी डोकं त्यावर येईल असा, आणि दुसऱ्या हातानं कुणाला तरी थोपटू लागली. थोपटणं मंदावत गेलं. ऐन दुपारच्या उन्हात, मातीवर, ती गाढ झोपली.

होले गप झाले होते. कधी झाले ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"सर," यासेर म्हणाला. त्याचे दोन्ही हात कॅमेऱ्यापासून लांब, वर धरलेले होते. "मी हात नाही लावलेला. पिक्चर हलून राहिलाय."

दगडावर पाण्याची बाटली ठेवली होती. तिच्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उठत होती. एक विरायच्या आत दुसरं. वलयं कशी उठतात ते सर सालोसाल पोरांना शिकवत आले होते. आता ते नुसतेच बघत उभे राहिले, आणि मग एकदम धुरपताबाईकडं धावले.

रेणुकानं त्यांचा शर्ट मागून धरला. "तिकडून नका! भिंत आहे!"

तिथं भिंत नव्हती. गुडघाभर गवत होतं. पण सरांचं पाऊल उचललं ते तसंच मागं आलं. दोघं वळसा घालून पुढं गेले, जिथं तिनं चपला काढल्या होत्या तिथं. रेणुकानं मूठ वळली आणि समोरच्या मोकळ्या हवेवर दार ठोठावलं.

आवाज झाला. जुन्या, जाड सागवानी दारावर थाप मारल्यावर होतो तसा. तिघांनीही ऐकला.

"कोण हाय?" धुरपताबाईनं डोळे न उघडता विचारलं.

"मी रेणुका. दवाखान्यातली."

"इतक्या रातच्याला?"

सूर्य डोक्यावर होता. रेणुकाचा आवाज मात्र वॉर्डातला होता, ठाम. "मावशी, उठा. दार उघडा आणि बाहेर या. पोरींना घेऊन या. आत्ता."

धुरपताबाई उठून बसली. तिनं पोरींच्या पलीकडं निजलेल्या कुणाचा तरी खांदा हलवला. पुन्हा हलवला. थोडं थांबली. मग तिनं तो हात आपल्याकडं ओढून घेतला, जणू तो कुणी झटकला होता. ती उभी राहिली, वाकून एकीला उचलून कडेवर घेतलं, दुसरीचं मनगट धरलं आणि हात मोकळा नाही म्हणून कोपरानंच कडी काढायला धडपडू लागली. कडी निघाली. मान वाकवून ती बाहेर आली, चार पावलं चालली आणि गवतात मट्कन खाली बसली.

बाटलीतलं पाणी स्थिर झालं. लांब कुठंतरी होला घुमला.

ते परत निघाले तेव्हा धुरपताबाई एका अंगाला कलून चालत होती. कडेवर मूल असलं की बाई चालते तशी. जीपमध्ये मागच्या सीटवर यासेर होता. ती त्याला म्हणाली, "सरक की बाबा. लेकरू बसू दे." यासेर मुकाट्यानं उतरला आणि पुढं ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन बसला. नव्या शेवरीत पोचल्यावर रेणुकानं तिचं बोट बघितलं. टचटचीत फोड आला होता. तिनं मलम लावलं, पट्टी बांधली आणि कशानं भाजलं ते विचारलं नाही.

ज्ञानोबा दारात होता. त्यानं सगळ्यांकडं एकेक करून बघितलं, मग चुलतीच्या कलत्या कमरेकडं बघितलं, आणि वाटेतून बाजूला झाला.

*

सरांनी ती कॅसेट घरी कितीदा तरी लावून बघितली. माजलेल्या रानात एक बाई हातवारे करत होती, एवढंच तिच्यात होतं. पडद्यावर दुसरं काही नव्हतं. यासेरनं कापाकापी केली आणि सनईचा शब्दही काढला नाही. रेणुका म्हणाली, पाठवू नका. सर म्हणाले, तिनं आपल्याला दाखवलं, ते कुणी तरी बघायला नको का? दोघांत अबोला झाला. शेवटी सरांनीच धुरपताबाईला विचारलं. ती म्हणाली, "बघू द्या की. लेकरं काय लपवून ठेवायची असत्यात?"

नांदेडच्या हॉलमध्ये खुर्च्या भरल्या होत्या. चित्र संपलं तेव्हा टाळ्या लगेच पडल्या नाहीत. लोक उठायला घाबरत असावेत तसे बसून राहिले. परीक्षकांत साबेरा मॅडम होत्या, चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका, तिथल्या जुन्या घराण्यातल्या. चहाच्या वेळी त्या सरांपाशी आल्या.

"बाईंनी कमाल केली. पण मला त्या दोन मुली जास्त आवडल्या. लहान मुलं कॅमेऱ्याकडं बघतातच हो. त्या एकदाही बघत नाहीत. कुठून आणल्या?"

शेजारचा परीक्षक हसला. "मॅडम, कोणत्या मुली? एकच बाई आहे की चित्रात."

साबेरा मॅडम चिडल्या. "मी काय आंधळी आहे का?"

सरांनी कप खाली ठेवला. "मोठीच्या अंगात काय होतं मॅडम?"

"पिवळा फ्रॉक. पाठीवरचं बटण तुटलेलं, तिथं पिन लावली होती." त्यांनी सरांकडं नीट बघितलं. "तुम्हीच ना दिग्दर्शक?"

चित्राला दुसरं बक्षीस मिळालं. यासेरनं प्रमाणपत्र दुकानात लावलं. सरांनी फ्रॉकची गोष्ट रेणुकाला सांगितली आणि दुसऱ्या दिवशी डबे घेऊन आलेल्या ज्ञानोबालाही. ज्ञानोबा जिन्याच्या पायरीवर बसला. "त्या साली पोळ्याला आलो तवा मीच आणला होता हैदराबादहून," तो म्हणाला. "थोरल्या शिवकांताला ढिला होत होता. वाढत्या अंगाला घेतला होता म्हणून." मग डब्यांची पिशवी जवळ ओढून म्हणाला, "काकू आता रातभर झोपतीय सर. आधी झोपत नव्हती. पेपरवाले आले तर उठून आत जाती, एक शब्द बोलत न्हाई. माझी बायको घाबरती, ते निराळं. पण काकू झोपतीय."

*

जूनमध्ये दहावीचा निकाल लागला आणि क्लासवर झुंबड उडाली. आईबाप पोरांना घेऊन जिन्यापर्यंत उभे होते. गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, पिशव्या, घामाचा वास. सर बॅच संपवून ऑफिसात आले तर भिंतीलगतच्या लाकडी बाकड्यावर धुरपताबाई बसली होती. ठेवणीतलं लुगडं, कपाळ स्वच्छ. तिच्या शेजारी बाकड्यावर माणूसभर जागा रिकामी होती. नायगावहून आलेला एक बाप जड ट्रंक हातात धरून तिच्यासमोर उभा होता. त्याला बसायचं होतं हे उघड दिसत होतं, पण तो त्या जागेकडं बघायचा आणि उभाच राहायचा.

"मावशी, तुम्ही? ज्ञानोबा आला नाही?"

"त्याला कशाला तरास. एस.टी.नं आलो." ती 'आलो' म्हणाली. "शिवकांताचं नाव घालायचं हाय. धावी झाली न्हवं का यंदा."

सरांनी मनात वर्षं मोजली. तेव्हाची सहा वर्षांची पोर आज दहावीच झाली असती.

आयुष्यभर ते माणसांना समजावत आले होते. आता काय सांगायचं ते त्यांना माहीत होतं, वाक्यं जिभेवर तयार होती; हळुवार, सुजाण, समजूतदार. त्यांनी तोंड उघडलं. मग त्यांना तिचा उजवा हात दिसला. तो शेजारच्या रिकाम्या जागेवर, उताणा, बोटं किंचित मिटलेला पडला होता. गर्दीच्या जागी तरण्या पोरीचा हात धरून बसावं तसा.

त्यांनी ती वाक्यं गिळली. "या," म्हणाले, "वर्ग दाखवतो."

वर्गात तेव्हा कुणी नव्हतं. धुरपताबाई बाकांमधून चालत गेली, खिडकीजवळच्या एका बाकापाशी थांबली. कपडा अडकेल असा खिळा नाही ना, म्हणून तळहात फिरवून बघितला. पदरानं बाक पुसला. मग वाकून, तिथं बसणाऱ्याच्या उंचीवरून फळ्याकडं बघितलं.

"हितून दिसंल का सगळं?"

"दिसेल."

"बस मग," ती म्हणाली. ती सरांशी बोलत नव्हती. तिनं हवेत, खांद्याच्या उंचीवर, काहीतरी नीट केलं. वेणी असेल, किंवा कॉलर. "घाबरू नको. सर चांगले हायेत."

दारापर्यंत ती मागं बघत बघत गेली. सरांना वाटलं ती रडेल. ती रडली नाही. जिना उतरताना तिची चाल पहिल्यांदाच सरळ पडत होती, फक्त डावा हात थोडा खाली, एका लहान मुठीच्या उंचीवर, तसाच मिटलेला होता.

"आणि घरी तुम्हाला कोण?" सरांनी वरून विचारलं. विचारल्याशिवाय त्यांना राहवलं नाही.

"धाकटी रुकी हाय की," धुरपताबाई म्हणाली, आणि गर्दीत मिसळली.

त्यांनी ते रेणुकाला सांगितलं. तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मग उठली, त्यांच्या समोर बसली आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

नवी बॅच पंधरवड्यात सुरू झाली. वर्ग गच्च भरला होता. एकेका बाकावर चौघं बसायचे, तरी मागं भिंतीला टेकून पोरं उभी होती. सर फळ्यापाशी गेले, वळले, आणि त्यांची नजर खिडकीकडं गेली. त्या बाकावर तीनच पोरी होत्या. दोघी एका टोकाला दाटीनं, एक दुसऱ्या टोकाला, आणि मधे एकीची जागा.

सरांनी खडू खाली ठेवला. मग त्यांनी मागं उभ्या असलेल्या हदगावच्या एका मुलीला खूण केली. ती वह्या छातीशी धरून त्या बाकापर्यंत आली आणि थांबली.

"सरका गं जरा," सर म्हणाले. "हिला बसू द्या."

तिघींनी एकमेकींकडं बघितलं. टोकाची पोरगी अवघडून उभी राहिली.

"सर, कुठं बसवू हिला?" ती म्हणाली. "आम्ही चौघी झालो की."

हदगावची मुलगी न सांगताच मागं भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. सरांनी खडू उचलला, आणि शिकवायला सुरुवात केली.